पंचाहत्तर रुपयांचे प्राध्यापक

नामदार गोपाळ कृष्ण गोखले म्हटले की मध्यवर्ती कायदेमंडळातील अर्थसंकल्पावरील त्यांची भाषणे प्रथम आठवतात. त्या भाषणांमागे अध्यापनाची जवळजवळ अठरा वर्षे उभी होती, हे मात्र क्वचितच ध्यानात घेतले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील उच्च शिक्षण कोणाच्या पैशावर उभे राहिले, याचे उत्तर गोखल्यांच्या आयुष्यातील काही लहानसहान आकड्यांत सापडते.

१८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेल्या गोखल्यांचे पितृछत्र १८७९ मध्ये हरपले. थोरल्या भावाने शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतील आठ रुपये तो दरमहा धाकट्याला पाठवू लागला. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करून गोखले १८८४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, बी.ए. झाले. एल्फिन्स्टनमध्ये त्यांना वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि वर्डस्वर्थ यांच्यासारखे गुरू लाभले. परंतु ही पदवी मुळात भावाच्या अर्ध्याहून अधिक पगारातून विकत घेतलेली होती. अशा पदवीधराने सरकारी नोकरी किंवा वकिली धरून कुटुंबाचे ऋण फेडावे, ही त्या काळची स्वाभाविक अपेक्षा होती.

गोखल्यांनी निराळा मार्ग धरला. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ त्या काळी मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होते. शिकविण्याचे काम संलग्न महाविद्यालयांचे. सरकारी महाविद्यालयांतील युरोपियन प्राध्यापकांना भरघोस वेतन मिळे. त्यांच्या तोडीचे शिक्षण एतद्देशीयांनी आपल्या बळावर द्यावे, या जिद्दीतून टिळक, आगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८५ च्या प्रारंभी फर्ग्युसन कॉलेज सुरू केले. त्याच वर्षी गोखले न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिक्षक झाले आणि १८८६ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य. आजीव सदस्याचे वेतन फार तर पंचाहत्तर रुपयांपर्यंत जाणार होते. बाजारात मिळू शकणारे वेतन आणि प्रत्यक्ष घेतलेले वेतन यांतील तफावत, हेच या संस्थेचे खरे भांडवल होते. हिशेबाच्या वहीत ते कोठेही दिसत नसे.

या त्यागाची मर्यादा कोणती, हा प्रश्न लौकरच उभा राहिला. सदस्यांनी बाहेरचे काम व उत्पन्न वर्ज्य मानावे, अशी टिळकांची भूमिका होती. आगरकर आणि गोखले यांना इतके कडक बंधन मान्य नव्हते. गोखल्यांच्या अंकगणिताच्या पुस्तकाचे उत्पन्न आणि सार्वजनिक सभेचे त्यांनी स्वीकारलेले चिटणीसपद हे वादाचे विषय ठरले आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. दोन्ही बाजूंना तत्त्वाचा आधार होता. अल्प वेतनावर माणसे बांधून ठेवायची तर त्यांच्या उरलेल्या वेळेवर संस्थेचा हक्क किती, हा पेच खासगी शिक्षणसंस्थांना पुढेही चुकला नाही.

गोखल्यांनी गणित, इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्र असे पडतील ते विषय शिकविले. न्यायमूर्ती रानडे यांच्या देखरेखीखाली सरकारी अहवाल व आकडेवारी यांचे अध्ययन चालू होतेच. संस्थेचे चिटणीस या नात्याने त्यांनी देणग्यांसाठी गावोगाव पायपीट केली. वेल्बी आयोगापुढे १८९७ मध्ये लंडन येथे त्यांनी दिलेली साक्ष ही या तयारीचे फळ होती. १९०२ मध्ये त्यांनी महाविद्यालयाचा निरोप घेतला तेव्हा त्यांना निवृत्तिवेतन मिळाले दरमहा तीस रुपये.

लॉर्ड कर्झन यांचे विद्यापीठ विधेयक कायदेमंडळापुढे आले, तेव्हा त्याला विरोध करणारा हा सदस्य विद्यापीठाचे व्यवहार आतून जाणणारा होता. १९०४ च्या त्या कायद्याने जुन्या तीन विद्यापीठांच्या सिनेटमध्ये फेलोंची संख्या प्रत्येकी शंभरावर जाऊ नये असे ठरले, आणि त्यांत निवडून येणारे फक्त वीस. उरलेल्यांत सरकारनियुक्तांचे प्राबल्य राहणार होते. संलग्नतेवरही सरकारचा शब्द अखेरचा ठरला. दर्जा सुधारण्याची गरज गोखल्यांनी नाकारली नाही. दर्जाच्या नावाखाली विद्यापीठ हे सरकारी खाते बनेल आणि एतद्देशीयांनी चालविलेल्या महाविद्यालयांची कोंडी होईल, ही त्यांची भीती होती. सरकारी बहुमतापुढे त्यांचा विरोध टिकला नाही.

पुढल्याच वर्षी त्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात निर्वाहापुरत्या वेतनाचे तेच तत्त्व आले. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. वर्षभराने तेही फेटाळले गेले. या विधेयकाचा आग्रह मात्र वेगळा होता. मूठभर शिक्षकांच्या त्यागावर एखादे महाविद्यालय उभे राहू शकते. संपूर्ण देश साक्षर करायचा तर सार्वजनिक तिजोरीच उघडावी लागते. पंचाहत्तर रुपयांत संसार केलेल्या या प्राध्यापकाने त्यागाला राज्याच्या जबाबदारीचा पर्याय कधी मानले नाही. शिक्षकांच्या सेवाभावाचे गोडवे गाऊन अनुदानात काटकसर सुचविणाऱ्यांनी गोखल्यांचे नाव घेताना एवढे तरी ध्यानात ठेवावे.