गाडी धावली १८८६ ला, पण नीट थांबायला कधी शिकली? बर्था बेंझ यांची गोष्ट



मी गाडी शिकत होतो तेव्हाची गोष्ट. घाट उतरताना पेट्रोल वाचेल म्हणून मी गिअर न्यूट्रलला टाकला आणि पाय सतत ब्रेकवर ठेवला. थोड्या वेळाने जळका वास यायला लागला. शेजारी बसलेल्या काकांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, ब्रेक थंड होऊ दिले आणि उरलेला घाट सेकंड गिअरमध्ये उतरवला. घरी आल्यावर ब्रेकबद्दल वाचत बसलो आणि वाचता वाचता पोहोचलो थेट १८८८ सालच्या जर्मनीत, बर्था बेंझ यांच्यापर्यंत.

बर्था यांचा जन्म ३ मे १८४९ चा, फोर्त्सहाइम गावातला. लग्नाआधीच त्यांनी एक धाडस केलं. होणारे पती कार्ल बेंझ यांचा कारखाना भागीदारामुळे अडचणीत आला होता. बर्था यांनी आपल्या हुंड्याचे पैसे आधीच घेतले आणि त्यातून भागीदाराचा हिस्सा सोडवला. १८७२ मध्ये लग्न झालं. पुढे बरीच वर्षं ओढाताणीची गेली. २९ जानेवारी १८८६ ला कार्ल यांनी तीन चाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. यंत्र भारी होतं, पण घ्यायला कोणी तयार नव्हतं. ही गाडी लांब जाऊ शकते, यावर लोकांचा विश्वासच बसेना.

मग बर्था यांनी स्वतःच ते दाखवायचं ठरवलं. ऑगस्ट १८८८ मध्ये एका सकाळी पतीला न सांगता त्यांनी गाडी बाहेर काढली. सोबत दोन मुलं होती, १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिचर्ड. मानहाइमहून फोर्त्सहाइमला आईकडे जायचं होतं. अंतर १०० किलोमीटरपेक्षा थोडं जास्त. तोवर कोणी मोटारगाडीने इतक्या लांब गेलेलं नव्हतं.

वाटेत काय काय झालं बघा. इंधन संपत आलं तेव्हा वीसलोख गावातल्या औषधांच्या दुकानातून लिग्रोइन नावाचं द्रावण घेतलं, कारण ते तेव्हा साफसफाईसाठी विकलं जायचं. इंधनाची नळी तुंबली, तर टोपीच्या पिनेने मोकळी केली. इग्निशनच्या वायरवरचं आवरण घासलं गेलं, तर मोज्याचा पट्टा गुंडाळून भागवलं. चढावर इंजिन दमायचं, मग मुलं उतरून ढकलायची.

आता आपल्या विषयाकडे येऊ. फोर्त्सहाइम ब्लॅक फॉरेस्टच्या कडेला आहे, म्हणजे चढ आले तसे उतारही आलेच. या गाडीत पट्टा मोकळ्या चाकावर सरकवला की इंजिन चालू राहायचं, पण गाडीला ताकद मिळायची नाही. आज हेच काम क्लच करतो. थांबवायला होते लाकडी ठोकळे. उतारांवर ते घासून घासून झिजले आणि गाडी आवरेना. बाउशलॉट गावात बर्था यांनी बूट शिवणाऱ्या कारागिराकडून त्या ठोकळ्यांवर चामडं बसवून घेतलं. झालं! ब्रेक पुन्हा पकडायला लागला. मेकॅनिक आज ज्याला 'ब्रेक लायनर' म्हणतो, त्याची ही सुरुवात मानली जाते. झिजणारा थर वेगळा ठेवायचा आणि झिजला की तेवढाच बदलायचा, ही कल्पना आजही तीच आहे.

संध्याकाळी त्या पोहोचल्या, तार करून कार्ल यांना कळवलं आणि काही दिवसांनी त्याच गाडीने परतल्या. चढासाठी आणखी एक गिअर हवा, हेही त्यांनी सुचवलं आणि कार्ल यांनी तो दिला.

गंमत म्हणजे चढाला लागणारा हा छोटा गिअरच उतारावर गाडी धरून ठेवतो. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की चाकं इंजिनाला फिरवतात आणि त्यात वेग कमी होतो. यालाच इंजिन ब्रेकिंग म्हणतात. न्यूट्रलमध्ये हा आधार जातो, सगळा भार लायनरवर पडतो, ते तापतात आणि त्यांची पकड कमी होते. माझ्या घाटातल्या वासाचं कारण हेच होतं.

मग मॅन्युअल गाडी झटका न बसता कशी थांबवायची?

१. सिग्नल लांबून दिसला की आधी फक्त ॲक्सिलरेटर सोडा. क्लच लगेच दाबू नका.

२. ब्रेक हळू दाबायला सुरुवात करा, मग दाब वाढवा.

३. वळायचं असेल किंवा उतार असेल, तर वेग कमी होईल तसे खालचे गिअर घ्या. क्लच हळू सोडा.

४. इंजिन थरथरायला लागायच्या जरा आधी क्लच पूर्ण दाबा.

५. गाडी थांबता थांबता ब्रेकवरचा दाब किंचित हलका करा. डोकं पुढे जाणारा तो झटका बसत नाही.

६. थांबल्यावर न्यूट्रल आणि हँडब्रेक.

एक अपवाद लक्षात ठेवा. अचानक कोणी आडवं आलं तर हे सगळं विसरा. ब्रेक जोरात दाबा, सोबत क्लचही.

कार्ल १९२९ मध्ये गेले. बर्था मात्र ९५ वर्षं जगल्या. ९५ व्या वाढदिवसाला कार्ल्सरूहच्या तंत्र विद्यापीठाने त्यांना मानद सिनेटर केलं आणि दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ ला, लाडेनबुर्ग इथे त्यांचं निधन झालं. त्यांनी गाडी नेली तो रस्ता आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी घाट उतरताना हात न्यूट्रलकडे गेला, तर बर्था यांचे ते झिजलेले ठोकळे आठवा आणि सेकंड गिअर टाका.