समरटनची शाळा आणि रेव्हरंड डिलेन

शाळेसाठी झगडलेल्या माणसांची नावे आपण नेहमी आदराने घेतो. जोतिबा आणि सावित्रीमाई तर आपल्या घरचीच माणसे. पण अशी माणसे जगात इतर ठिकाणीही झाली, आणि त्यांचीही ओळख आपल्या तरुण पोरांना असावी असे आम्हांस वाटते. अमेरिकेत रेव्हरंड जोसेफ आर्मस्ट्राँग डिलेन यांचे नाव मानाने घेतले जाते. आपल्याकडे मात्र ते फारसे पोहोचलेले नाही. बाबासाहेब १९१३ साली ज्या देशात शिकायला गेले, त्याच देशाच्या दक्षिण टोकाकडच्या एका खेड्याची ही हकीकत आहे.

दक्षिण कॅरोलायना राज्यात क्लॅरेंडन नावाचा जिल्हा आहे. कापसाचा मुलूख. त्या काळी दहातली सात माणसे काळी, गुलामांची नातवंडं-पतवंडं. जमीन, दुकान, बँक, कचेरी मात्र गोऱ्यांच्या हाती. १८९८ साली याच जिल्ह्यात, मॅनिंग गावाजवळ डिलेन यांचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक होते. चौदा वर्षांचे असताना एका गोऱ्या मुलाने बहिणीला ढकलले म्हणून त्यांनी त्याला ढकलून दिले. त्याबद्दल त्यांना फटक्यांची शिक्षा फर्मावण्यात आली. ती खाण्यापेक्षा पोरगा घर सोडून पळाला. पुढे मोलमजुरी करीत शिकला, १९३१ साली कोलंबिया शहरातल्या ॲलन विद्यापीठाचा पदवीधर झाला आणि शिक्षक व धर्मोपदेशक होऊन आपल्याच मुलखात परतला.

आता तिथल्या शाळांची तऱ्हा बघा. शाळांचा कारभार पाहायला लहान लहान शालेय विभाग असत. समरटन गावाचा विभाग बाविसावा. गोऱ्यांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी. गोऱ्यांची पोरं विटांच्या इमारतीत शिकायची, तर काळ्यांच्या शाळा बहुतेक लाकडी खोपट्यांत. १९४९-५० साली जिल्ह्यात दर गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च होत, काळ्या मुलामागे ४३. गोऱ्या मुलांना ने-आण करायला ३० बसगाड्या होत्या, काळ्यांसाठी एकसुद्धा नव्हती. काही लेकरं रोज कित्येक मैल चालत शाळेला जायची. धरणाच्या तलावाचे पाणी वाटेवर पसरले, तेव्हा काही जण होडी वल्हवत जाऊ लागले.

१९४७ च्या उन्हाळ्यात डिलेन यांनी कोलंबियात एक भाषण ऐकले. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संघटनेचे राज्याचे पुढारी जेम्स हिंटन बोलत होते. शाळेच्या बससाठी कोर्टात उभा राहील असा एक तरी बाप पुढे आला पाहिजे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. डिलेन गावी आले आणि माणूस शोधू लागले. लीव्हाय पिअर्सन नावाचे शेतकरी तयार झाले. पालकांनी आधीच पदरमोड करून एक जुनी बस घेतली होती. तिच्या दुरुस्तीला आणि तेलाला तरी पैसे द्या, एवढेच मागणे होते. शाळा-मंडळाने तेही नाकारले. १९४८ साली दावा दाखल झाला. पण पिअर्सन कर एका विभागात भरतात आणि मुले दुसऱ्या विभागातल्या शाळेत जातात, एवढ्या कारणावर तो निकालात निघाला. पिअर्सन यांना कर्ज मिळेना, पीक काढायला यंत्र मिळेना. उभे पीक शेतात कुजले.

दुसरा कुणी असता तर इथेच थांबला असता. पण संघटनेचे वकील थर्गुड मार्शल यांनी १९४९ साली सांगितले की एकट्यादुकट्याने भागणार नाही, निदान वीस जण हवेत. मग डिलेन घरोघर फिरले. नोव्हेंबर १९४९ मध्ये मागणीअर्ज तयार झाला. आता मागणी नुसत्या बसची राहिली नव्हती. शाळा सर्व बाबतींत समान हव्या होत्या. पालक आणि मुले मिळून शंभरावर सह्या झाल्या. वर्णानुक्रमाने पहिले नाव आले हॅरी ब्रिग्ज यांचे. नौदलातून परतलेला आणि पेट्रोल पंपावर राबणारा हा गडी. नाताळच्या सुमारास त्यांची नोकरी गेली. पत्नी एलायझा मोटेलात कामाला होत्या, त्यांचीही गेली. ज्याने सही केली त्याची उधारी बंद, ज्याने मागे घेतली नाही त्याची जमीन खंडाने मिळणे बंद. खुद्द डिलेन यांची, त्यांच्या पत्नी मॅटी यांची आणि बहिणींची शिक्षकाची नोकरी गेली. ऑक्टोबर १९५० मध्ये त्यांचे समरटनचे घर जळाले. आग विझवणारे आले, पण घर गावच्या हद्दीबाहेर आहे म्हणून उभे राहून बघत बसले.

तरी खटला पुढे गेला. न्यायाधीश वेअरिंग यांनी सुचवले की समान शाळा मागू नका, वेगळेपणालाच आव्हान द्या. त्याप्रमाणे दावा नव्याने दाखल झाला. ब्रिग्ज विरुद्ध एलियट हा तो खटला. एलियट म्हणजे बाविसाव्या विभागाच्या शाळा-मंडळाचे अध्यक्ष. मे १९५१ मध्ये चार्ल्सटन येथे तो चालला. तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी वेगळ्या शाळा कायदेशीर ठरवल्या. वेअरिंग एकटे विरोधात राहिले. अपील सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे कॅन्सस, व्हर्जिनिया, डेलावेअर इथले दावे त्याला जोडले गेले. १७ मे १९५४ रोजी नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला, की सरकारी शाळांतले वर्णभेदाचे वेगळेपण घटनेविरुद्ध आहे. हा निकाल जगात ब्राउन खटला म्हणून ओळखला जातो. त्याच्या पायात समरटनचा दगड आहे, हे पुष्कळांना माहीत नसते.

जिंकल्यावर डिलेन यांना काय मिळाले? त्यांची बदली लेक सिटी गावी झाली होती. ऑक्टोबर १९५५ मध्ये तिथले त्यांचे चर्च जाळण्यात आले. काही दिवसांनी रात्री घरावर गोळ्या झाडल्या गेल्या. डिलेन यांनीही उलट गोळी झाडली आणि जीव वाचवून राज्य सोडले. वॉरंट मात्र हल्लेखोरांवर नव्हे, त्यांच्यावरच निघाले! ते न्यूयॉर्ककडे गेले, बफेलोत त्यांनी नवे चर्च उभारले. जन्मगावी राहायला ते पुन्हा कधी परतू शकले नाहीत. ३ ऑगस्ट १९७४ रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरी त्यांचे निधन झाले. ते वॉरंट रद्द व्हायला २००० साल उजाडले. २००४ मध्ये डिलेन, पिअर्सन आणि ब्रिग्ज पती-पत्नी यांना अमेरिकी काँग्रेसचे सुवर्णपदक मरणोत्तर देण्यात आले.

आणि समरटनची शाळा? निकालानंतरही तिथे अकरा वर्षे काही हलले नाही. १९६५ साली पहिली काळी मुले गोऱ्यांच्या शाळेत गेली, तर गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून खासगी शाळेत घातली. सरकारी शाळेत मग जवळजवळ सगळी काळीच मुले उरली. ज्यांनी सह्या केल्या त्यांतल्या बहुतेकांच्या लेकरांना त्या लढ्याचे फळ शाळेत असताना चाखायला मिळाले नाही.

आम्हांस डिलेन मोठे वाटतात ते यासाठी, की त्यांनी एका खेड्यातल्या भित्र्या, गांजलेल्या माणसांना आपले नाव कागदावर लिहायला उभे केले. कायदा दिल्लीत होवो की वॉशिंग्टनला, तो आपल्या गावच्या शाळेपर्यंत आपोआप चालत येत नाही. शाळेत मास्तर आहे का, पाणी आहे का, लांबच्या वस्तीवरची पोरगी शाळेला कशी येते, हे कुणीतरी अर्जात लिहावे लागते आणि खाली सही करावी लागते. पहिली सही करणाऱ्याला सोसावे लागते, म्हणून बाकीच्यांनी त्याच्या पाठीशी उभे राहायचे असते. एवढे आपण आपल्या वस्तीत केले, तरी या माणसाची आठवण सार्थकी लागली असे आम्ही समजू.