बटाट्यातलं प्रथिन आणि कमलाबाई

दुर्गा भागवत आपल्या वाङ्मय मंडळाला नव्याने सांगायला नकोत. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. त्यांची धाकटी बहीण कमला मात्र आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

कमलाबाईंनी १९३३ साली मुंबईत रसायनशास्त्राची पदवी घेतली. वडील आणि काका बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, म्हणून त्यांनीही तिथेच अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून नकार दिला. कमलाबाई थेट बंगळूरला गेल्या आणि त्यांच्यासमोर अडून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेचं, आणि तिथलं वातावरण बिघडता कामा नये! त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर इतकं नेटाने काम केलं की रामन यांचंच मत बदललं. पुढे तिथे मुलींना दार उघडलं.

मग केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करताना वनस्पतीच्या पेशीत त्यांना सायटोक्रोम-सी सापडलं. प्राण्यांच्या पेशीत श्वसनासाठी राबणारं हे प्रथिन वनस्पतीतही तेच काम करत होतं.

हे प्रथिन पेशीत घडतं कसं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आज आपण बारावीत शिकतो. त्याची कृती केंद्रकातल्या डीएनएत असते. तिची नक्कल एम-आरएनएवर उतरते, नको असलेला मजकूर कापला जातो आणि नक्कल केंद्रकाबाहेर येते. रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो. टी-आरएनए एकेक अमिनो आम्ल आणून देतो आणि शंभरावर आम्लांची साखळी तयार होते. ती तंतुकणिकेत शिरते, तिथे तिला लोह असलेला हीम जोडला जातो, आणि सायटोक्रोम-सी कामाला लागतं. त्या श्वसनातून मिळालेल्या ऊर्जेवर पेशी पुन्हा नवी प्रथिनं घडवते.

१९३९ साली कमलाबाई परतल्या. दिल्ली, कुन्नूर आणि १९४७ च्या लग्नानंतर सोहोनी होऊन मुंबई. तिथे नीरेच्या पोषणमूल्यावरच्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तरी संस्थेचं संचालकपद मिळायला काही वर्षं वाट बघावी लागली. १९९८ साली त्या गेल्या.

आपल्या बेळगाव भागाला बटाटा काही नवा नाही. पुढच्या वेळी सोलताना एवढं आठवा, की त्यातलं एक गुपित जिने उलगडलं, तिला प्रयोगशाळेच्या दारातच अडवलं होतं.