पलटणीचा डॉक्टर आणि चिमणीएवढा सुतार

थॉमस कॅव्हरहिल जेर्डन यांचा जन्म १८११ मध्ये इंग्लंडमधील डरहॅम परगण्यात झाला. एडिंबरो येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास लष्करात असिस्टंट सर्जन झाले आणि १८३६ मध्ये भारतात आले. पहिली कामगिरी मिळाली ती गंजम भागात, ताप आणि हगवणीने बेजार झालेल्या शिपायांवर उपचार करण्याची. त्यातून सवड मिळेल तेव्हा ते पक्षी जमवत. पुढे घोडदळाबरोबर ते त्रिचनापल्लीला आणि तेथून आपल्या जालन्याच्या छावणीत आले.

जवळ ना ग्रंथालय, ना संग्रहालय. म्हणून पक्ष्यांची ओळख पटवून घेण्यासाठी त्यांनी आपला पहिला संग्रह स्कॉटलंडमधील पक्षितज्ज्ञ विल्यम जार्डिन यांच्याकडे पाठवला. तो पोहोचेपर्यंत त्याला कसर लागली होती. तेव्हापासून जेर्डन आपल्याच निरीक्षणावर विसंबू लागले. १८३९ पासून त्यांची दक्षिण भारतातील पक्ष्यांची यादी मद्रासच्या एका शास्त्रीय नियतकालिकात छापून येऊ लागली.

या यादीत १८४० मध्ये त्यांनी पश्चिम घाटातील एका सुतार पक्ष्याला ‘कॉर्डेटस’, म्हणजे हृदयाकार, असे नाव दिले. हा पक्षी जेमतेम १६ सेंटिमीटर लांब. रंग काळा-पांढरा, डोक्यावर ठसठशीत तुरा, शेपूट आखूड आणि पंखांवर बदामाच्या आकाराचे काळे ठिपके. नराचे कपाळ काळे, मादीचे फिकट पांढरे. मोठे सुतार पक्षी जाड खोडांवर चोच मारतात. हा मात्र वजनाने हलका असल्याने बारीक डहाळ्यांवरही किडे शोधतो. त्यामुळे एकाच झाडावर दोघांचे पोट भरते. घरटे असते वाळलेल्या फांदीतील ढोलीत.

पण हा पक्षी विज्ञानाला नवा नव्हता. रने लेसाँ या फ्रेंच नौदलातील वैद्यकाने १८३० मध्येच ब्रह्मदेशातील पेगूच्या नमुन्यावरून त्याला ‘कॅनेन्टे’ म्हटले होते. रोमन पुराणकथेत पिकस राजाचा सुतार पक्षी होतो आणि त्याच्या विरहात झुरून विरून जाणारी त्याची पत्नी म्हणजे कॅनेन्स. हे नाव तिच्यावरून आले. आधी दिलेले नाव ग्राह्य, या नियमाने जेर्डन यांचे नाव मागे पडले. दूर छावणीत ग्रंथांवाचून काम करण्याची ही किंमत होती.

हीच उणीव त्यांनी इतरांसाठी भरून काढली. १८६२ ते १८६४ दरम्यान त्यांचा ‘द बर्ड्स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात हजारावर जातींची वर्णने होती. आडगावी नेमणूक झालेल्या हौशी निरीक्षकालाही आता समोरचा पक्षी ओळखता येऊ लागला. १८७२ मध्ये जेर्डन यांचे इंग्लंडमध्ये निधन झाले. तो चिमुकला सुतार आजही सह्याद्रीच्या दाट झाडीत दिसतो. त्याला हवी असते फक्त न तोडलेली एखादी वाळकी फांदी.