चिमणीने घडवलेला माणूस

फाल्गुन सरत आला की आपल्या सातारा-सांगलीकडे दोन गोष्टी हमखास होतात. बांधावरचे पळस-पांगारे फुलतात आणि पेपरात कुठेतरी कोपऱ्यात एक छोटी चौकट येते. अमुक तलावावर दुर्मिळ पक्षी दिसला, पक्षीमित्रांनी नोंद घेतली. कधी मायणीच्या तलावाची बातमी, कधी कृष्णाकाठची, कधी जत-आटपाडीच्या माळावरची. आपण फोटो बघतो, छान आहे म्हणतो आणि पान उलटतो.

हेच दिवस का? कारण थंडीत आपल्याकडे मुक्कामाला आलेले पाहुणे आता परत निघतात. लांबच्या प्रवासातले काही वाटेत घटकाभर उतरतात. मध्य आशियाकडे परतणाऱ्या भोरड्यांचे थवे याच सुमाराला पळस-पांगाऱ्याच्या फुलांतला मध प्यायला येतात. तळीही आटलेली असतात, त्यामुळे जिथे पाणी उरलंय तिथे गर्दी होते. बघणाऱ्याला पर्वणीच!

पण मैत्रिणींनो, मला नेहमी एक प्रश्न पडतो. हा पक्षी दुर्मिळ आहे हे ठरवलं कुणी? घरातली रोजची माणसं माहीत असतील तरच दारात आलेला परका ओळखू येतो. तसंच नेहमीचे पक्षी कोणते, ते कुणीतरी आधी बघून, मोजून, लिहून ठेवलेलं असणार. आपल्या देशातलं हे काम ज्यांनी जन्मभर केलं ते डॉ. सलीम अली. त्यांचं नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. पण त्यांच्या आयुष्यात घरच्या बायकांचा केवढा वाटा होता, ते फारसं कुणी सांगत नाही. म्हणून आज थोडं त्याबद्दल.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ ला मुंबईत झाला. भावंडांत ते सगळ्यांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे झाले आणि आईही गेली. एवढी पोरकी मुलं! मामा अमीरुद्दीन तैयबजी आणि मामी हमीदा बेगम यांना स्वतःचं मूल नव्हतं. त्यांनी या भाच्यांना खेतवाडीच्या आपल्या घरी आणलं आणि पोटच्या मुलांसारखं वाढवलं. मामी नसती तर हा मुलगा कुठे असता, असं मला नेहमी वाटतं.

मामांना शिकारीचा शौक. भाच्याच्या हातातही छऱ्याची बंदूक आली. साधारण दहा वर्षांचा असताना त्याने एक चिमणी पाडली. उचलून बघतो तर गळ्यावर पिवळा डाग. रोजच्या चिमणीला असा डाग नसतो. दुसऱ्या मुलाने ती टाकून दिली असती, पण याला ही कोण ते कळल्याशिवाय चैन पडेना. मामांनाही सांगता येईना. मग मामांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था. तिथले सचिव मिलार्ड नावाचे इंग्रज गृहस्थ होते. त्यांनी त्या लहानग्याला हाकलून न देता चिमणीचं नाव सांगितलं. कपाटांतले पेंढा भरलेले शेकडो पक्षी काढून दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. पिवळ्या गळ्याची रानचिमणी होती ती. तिने त्या मुलाच्या आयुष्याची दिशाच ठरवून टाकली.

पुढचा रस्ता मात्र सरळ नव्हता. अभ्यासात फार गती नाही. १९१३ साली कशीबशी मॅट्रिक झाली. घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात धाडलं तर स्वारी धंद्यापेक्षा जंगलातच जास्त. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधी घेतली नाही. नावामागचं डॉक्टर पुढे विद्यापीठांनी सन्मानाने दिलं.

डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिनाशी लग्न झालं. सुखवस्तू घरात वाढलेली मुलगी. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये सलीम अलींना महिना साडेतीनशे रुपयांची नोकरी लागली. त्या काळी हा पगार चांगलाच म्हणायचा. पण शास्त्र नीट शिकावं म्हणून त्यांनी रजा घेतली आणि बर्लिनला प्रोफेसर स्ट्रेसमान यांच्याकडे गेले. १९३० मध्ये परत येऊन बघतात तर पैशांच्या टंचाईपायी त्यांची जागाच रद्द झालेली!

नवऱ्याची नोकरी गेली की घराचं काय होतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. दोघं अलिबागजवळ किहीमला समुद्रकाठच्या घरात राहायला गेले. आणि मला वाटतं, तेहमिनाचं मोठेपण इथेच आहे. दुसरी कुठलीही नोकरी धरा, असा तगादा तिने लावला नाही. त्या पावसाळ्यात घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांनी घरटी बांधायला घेतली आणि सलीम अली दिवसच्या दिवस आडोशाला बसून त्यांचं निरीक्षण करू लागले.

आता गंमत ऐका. आपण या पक्ष्याला सुगरण म्हणतो, बहिणाबाईंच्या कवितेमुळे त्या खोप्याचं सगळं श्रेय तिलाच देतो. आपल्याकडे विहिरीवरच्या बाभळीला ही घरटी लोंबताना दिसतात ना, ती विणणारा असतो नर! गवताच्या, उसाच्या पात्यांचे धागे सोलून आणतो आणि अर्धं घरटं विणून थांबतो. मग माद्या येतात, आत शिरतात, तपासतात. पसंत नसेल तर सरळ निघून जातात. पसंत पडलं तर मादी तिथे राहते आणि नर उरलेलं घरटं, ती लांब नळी पुरी करतो. मग हे महाशय काय करतात? दुसरं घरटं विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी! अंडी उबवायची, पिलांना भरवायचं, हे पहिलीच्या गळ्यात. कितीतरी पिढ्या हे पक्षी डोळ्यांसमोर होते, पण त्यांचा हा संसार असा बारकाईने पाहून लिहिला सलीम अलींनी. बेकारीच्या त्या दिवसांतल्या कामानेच त्यांचं नाव जगभरच्या पक्षीशास्त्रज्ञांत झालं.

त्यानंतर त्यांनी एकेका संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी हाती घेतली. आधी हैदराबाद, मग त्रावणकोर-कोचीन. पगार नको, फक्त खर्च द्या, या बोलीवर. बैलगाडीच्या वाटा, तंबूतला मुक्काम. तेहमिना बरोबर असायची. रानात चूल मांडायची, माणसं सांभाळायची, सामानाचा हिशेब ठेवायचा, आणि तिचं इंग्रजी चांगलं म्हणून नवऱ्याने लिहिलेलं वाचून त्यातलं अवघड सोपंही करायचं. आजही त्यांचं लिखाण सामान्य माणसाला कळतं, त्यात तिचा हात आहे.

१९३९ च्या जुलैमध्ये एका साध्या ऑपरेशननंतर रक्तात विष पसरलं आणि तेहमिना गेली. मूलबाळ नव्हतं. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. अशा वेळी बहीण कमू आणि मेव्हणे हसन अली यांनी त्यांना आपल्या घरी नेलं. पुढचं त्यांचं सगळं काम या बहिणीच्या घरात राहून झालं. आधी मामी, मग बायको, मग बहीण. तिघींपैकी कुणाचंही नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाही.

१९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. चित्रं बघून कुणालाही पक्षी ओळखता यावा असं. आज आपल्या तालुक्यांतून दुर्बीण घेऊन फिरणारी मास्तर, बँकेतली, दुकानदार मंडळी त्याच पुस्तकाची नातवंडं म्हणायची. मग डिलन रिप्ले यांच्याबरोबर १९६८ ते १९७४ या काळात दहा खंडांचा ग्रंथ केला. मोटारसायकलचं वेड असं की १९५० साली स्वीडनच्या परिषदेला जाताना स्वतःची गाडी सोबत नेली. भरतपूरचं पाणथळ रान आणि केरळातलं सायलेंट व्हॅलीचं जंगल वाचावं म्हणून त्यांनी आपलं वजन खर्ची घातलं. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं, १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. २० जून १९८७ ला, नव्वदी ओलांडून ते गेले.

नोंद खरी असणं किती मोलाचं, हे त्यांच्याच काळातल्या एका गोष्टीवरून कळतं. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला सापडलंच नव्हतं. तरी मध्ये १९१४ सालची एक नोंद होती, माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची. हे गृहस्थ सलीम अलींबरोबर अफगाणिस्तानच्या दौऱ्यावरही होते. लोकांनी त्या नोंदीवर विश्वास ठेवून पिंगळा शोधला. सलीम अलींनीही शोधला, पण तो मिळाला नाही. नंतर उघड झालं की हा नमुना चोरलेला होता आणि ठिकाण खोटं लिहिलेलं! शेवटी नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, शहाद्याजवळ तो पक्षी जिवंत दिसला. सलीम अलींना जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. एका खोट्या चिठ्ठीने केवढी दिशाभूल केली बघा.

म्हणून पेपरातली ती चौकट मला लहान वाटत नाही. कुणीतरी उन्हात उभं राहून खरं ते लिहिलंय. सलीम अलींचा जन्मदिवस धरून आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह पाळतात. शाळांतून भाषणं होतात, ते चांगलंच आहे. पण बचत गटाच्या कामाने मी माण-खटावच्या गावांत फिरते, तेव्हा दिसतं की दिवस उजाडायच्या आत पाण्यावर, रानात, गोठ्यात असते ती बाईच. कुठला पक्षी यंदा आला नाही, तळ्यावर नवं कोण उतरलंय, हे तिला ठाऊक असतं. फक्त ती लिहीत नाही. आपल्या बोलण्याला कोण विचारतो, असं तिला वाटतं.

मिलार्डसाहेबांनी दहा वर्षांच्या पोराला विचारलं होतं ना? मग लिहायला काय हरकत आहे? स्वयंपाकघरातल्या ज्या कॅलेंडरवर आपण दूधवाल्याचे खाडे मांडतो, त्याच चौकोनात लिहा. कोकीळ पहिल्यांदा कधी ओरडला, भोरड्या कुठल्या झाडावर उतरल्या, सुगरणीची विहिरीवरची घरटी किती. तारीख, ठिकाण आणि जे दिसलं तेवढंच, वाढवून नको. एखादा अनोळखी दिसला तर मुलाच्या मोबाईलवर फोटो काढून गावातल्या पक्षीमित्राला दाखवा. पुढच्या वर्षी कॅलेंडर बदलताना मात्र जुनं रद्दीत घालू नका हं!