विश्लेषण : नागासाकीचा स्फोट पाहणारा बॉम्बफेकी वैमानिक रुग्णसेवेकडे का वळला? मुंबईशी त्याचा संबंध काय?

नागासाकीवर ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब टाकला गेला, तेव्हा ब्रिटनचे दोन अधिकृत निरीक्षक अमेरिकी विमानात होते. एक शास्त्रज्ञ विल्यम पेनी आणि दुसरे ग्रुप कॅप्टन लिओनार्ड चेशायर. ब्रिटनचा सर्वोच्च शौर्य सन्मान असलेला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले चेशायर पुढे दुर्धर आजारी आणि दिव्यांग व्यक्तींसाठी घरे उभारत राहिले. भारतातले त्यांचे पहिले ‘चेशायर होम’ मुंबईत सुरू झाले आणि त्यांचे लग्नही मुंबईतच लागले. अणुसंहार पाहून पश्चात्ताप झाला आणि हा वैमानिक धर्माकडे वळला, ही त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाणारी गोष्ट. मात्र प्रत्यक्षात घडले ते वेगळेच.

सुरुवात कशी झाली?

चेशायर यांचा जन्म ७ सप्टेंबर १९१७ चा. वडील जेफ्री चेशायर ऑक्सफर्डमधील नामांकित कायदेतज्ज्ञ. आपल्याकडे कायदा शिकणाऱ्यांना करार कायद्यावरचे ‘चेशायर अँड फिफूट’ हे जाडजूड पुस्तक ठाऊक असेल, त्यातले चेशायर म्हणजे हेच वडील. मुलगाही ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात कायदाच शिकला, पण त्याचा जीव रमला वेगवान मोटारींत आणि विद्यापीठाच्या हवाई पथकात. खिशात चिल्लर घेऊन पॅरिस गाठून दाखवतो, अशी पैज त्याने अर्ध्या पाइंट बिअरवर लावली आणि जिंकलीही. घर अँग्लिकन पंथाचे होते, पण तरुणपणी धर्माशी त्याचे फारसे देणेघेणे नव्हते.

व्हिक्टोरिया क्रॉस कशासाठी मिळाला?

हा सन्मान बहुतेकदा एखाद्या विशिष्ट पराक्रमासाठी दिला जातो. चेशायर यांना तो सप्टेंबर १९४४ मध्ये चार वर्षांतील १०० मोहिमांसाठी मिळाला. बॉम्बफेकी पथकांत एवढ्या मोहिमा करून जिवंत राहणारे विरळाच होते. १९४३ मध्ये, २५ व्या वर्षी ते रॉयल एअर फोर्सचे सर्वांत तरुण ग्रुप कॅप्टन झाले, पण त्या पदावर बसून विमान उडवता येईना. म्हणून त्यांनी स्वतःहून एक हुद्दा खाली उतरणे पसंत केले आणि जर्मनीतील धरणे फोडून गाजलेल्या ६१७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व घेतले.

त्यांचे खरे योगदान तांत्रिक होते. रात्रीच्या अंधारात उंचावरून टाकलेले बॉम्ब लक्ष्यावर पडतच नव्हते. १९४१ च्या एका ब्रिटिश सरकारी पाहणीत तर लक्ष्य गाठल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमाने लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचल्याचे आढळले होते. चेशायर यांनी त्यावर काढलेला उपाय साधा, पण जिवावर बेतणारा होता. पथकप्रमुखाने विमान अगदी खाली आणायचे, लक्ष्यावर जळते खुणेचे दिवे नेमके टाकायचे आणि मागून उंचावरून येणाऱ्यांनी त्या दिव्यांवर नेम धरायचा.

फेब्रुवारी १९४४ मध्ये फ्रान्समधील लिमोज येथे जर्मनांसाठी विमानांची इंजिने बनवणारा कारखाना उडवायचा होता. आत रात्रपाळीला फ्रेंच कामगार होते आणि त्यात बहुतांश महिला. चेशायर यांनी आधी छपरालगत तीनदा विमान नेले. इशारा ओळखून कामगार बाहेर धावले आणि मगच त्यांनी दिवे टाकले. जूनमध्ये तर त्यांनी त्याच दिवशी मिळालेले, पूर्वी कधीही न उडवलेले मस्टँग विमान घेऊन मोहीम पार पाडली आणि अंधारात ते सुखरूप उतरवले.

नागासाकीनंतर पश्चात्ताप झाला का?

चेशायर यांचे विमान ठरलेल्या जागी मुख्य विमानाला भेटू शकले नाही. त्यामुळे स्फोट त्यांनी बऱ्याच अंतरावरून पाहिला. वर्षअखेरपर्यंत त्या बॉम्बने सुमारे ७० हजार बळी घेतले. या दृश्याने ते हादरले, हे खरे. पण बॉम्बमुळे युद्ध थांबले आणि त्याहून मोठी प्राणहानी टळली, हे त्यांचे मत अखेरपर्यंत कायम राहिले. १९८५ मधील ‘द लाइट ऑफ मेनी सन्स’ या पुस्तकातही त्यांनी अण्वस्त्रांच्या प्रश्नावर शांततावादी भूमिका घेतली नाही. हे मत अनेकांना खटकते आणि खटकायलाही हवे. मात्र त्यांना पश्चात्तापदग्ध ठरवण्याच्या नादात ते झाकून ठेवणे योग्य नाही.

मग बदल कशामुळे घडला?

एका अपयशामुळे आणि एका मरणासन्न माणसामुळे. १९४६ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव हवाई दल सोडल्यावर त्यांनी माजी सैनिकांची सामूहिक वसाहत सुरू केली. एकत्र राहायचे, शेती करायची, कमावायचे, अशी ती कल्पना होती. वर्षभरात भांडणे झाली, कर्ज वाढले आणि वसाहत मोडली. हाती उरला तो हॅम्पशायरमधील ‘ले कोर्ट’ हा, मावशी-आत्यांच्या पिढीतील एका नातेवाईक महिलेकडून घेतलेला रिकामा वाडा.

१९४८ च्या सुरुवातीला याच वसाहतीत पूर्वी डुकरे सांभाळणारा एक जण कर्करोगाने रुग्णालयात पडला होता. उपचार संपले होते, खाट रिकामी हवी होती आणि त्याला घर नव्हते. तो वाचणार नाही, हे त्याला सांगायची वेळ चेशायर यांच्यावरच आली. दुसरी सोय होईना तेव्हा ते त्याला ले कोर्टमध्ये घेऊन आले. अंथरुण बदलणे, अंग पुसणे, मलमूत्र काढणे, सगळे त्यांनी स्वतः शिकून केले. काही महिन्यांत तो गेला, पण तोवर बातमी पसरली होती. दुसरी रुग्ण, एक अंथरुणाला खिळलेली वृद्धा, दाखल झाली आणि मग रांगच लागली. मृत्यू पावलेला तो रुग्ण कॅथलिक होता. त्याच्याशी झालेल्या बोलण्यातून आणि त्याच्या जाण्यानंतर केलेल्या वाचनातून चेशायर यांनी १९४८ च्या नाताळात कॅथलिक पंथ स्वीकारला. आधी सेवा, मग श्रद्धा, असा हा क्रम आहे.

मुंबईत काय घडले?

मधली दोन वर्षे क्षयरोगाने खाल्ली. बरे झाल्यावर ते भारतात आले आणि १९५६ मध्ये अंधेरीत भारतातले पहिले चेशायर होम सुरू झाले. घर कोणत्याही धर्माच्या माणसाला खुले, आणि ते चालवायचे, निधी उभारायचा तो स्थानिक समितीनेच, ही त्यांची पद्धत होती. ५ एप्रिल १९५९ रोजी मुंबईच्या कॅथलिक कॅथेड्रलमध्ये त्यांचा स्यू रायडर यांच्याशी विवाह झाला. रायडर यांनी युद्धात ब्रिटनच्या गुप्त मोहिमांच्या पोलिश विभागात काम केले होते आणि युद्धानंतर युरोपातील बेघरांसाठी स्वतःची संस्था उभारली होती. दोघांनी मिळून त्याच वर्षी देहरादूनला ‘राफेल’ हे केंद्र स्थापन केले.

टीका कोणती झाली?

सर्वांत बोचरी टीका ले कोर्टमधूनच आली. स्नायूंचा आजार असलेले पॉल हंट १९५६ पासून तेथे राहत होते. केव्हा झोपायचे, केव्हा टीव्ही पाहायचा, हे कर्मचारी ठरवत आणि रहिवाशांनी त्याविरुद्ध लढा दिला. सप्टेंबर १९७२ मध्ये ‘गार्डियन’मध्ये हंट यांचे पत्र छापून आले आणि अशा संस्थांतील एकाकी जगण्याविरोधात दिव्यांगांची संघटना उभी राहिली. दिव्यांगांना अडवते ती समाजाची रचना, हा आज जगभर मान्य झालेला विचार याच चळवळीतून पुढे आला.

अखेर कशी झाली?

१९९० मध्ये बर्लिनमध्ये रॉजर वॉटर्स यांच्या ‘द वॉल’ मैफलीची सुरुवात चेशायर यांनी युद्धकाळातील शिटी फुंकून केली. ही मैफल त्यांच्याच आपत्ती मदत निधीसाठी होती. पुढल्याच वर्षी ते हाउस ऑफ लॉर्ड्सचे सदस्य झाले. नंतर त्यांना मोटर न्यूरॉन आजाराने गाठले. यात स्नायू एकेक करून निकामी होत जातात. ज्यांच्यासाठी त्यांनी घरे बांधली, त्यांच्यासारखेच तेही आता दुसऱ्यांवर अवलंबून झाले. ३१ जुलै १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.