हॅटपिनवाली मेकॅनिक

जुन्या जर्मन गाडीचं वेड असलेला एखादा काका, सीनियर नाहीतर शेजारी तुमच्या ओळखीत नक्की असेल. नवी हॅचबॅक सोडून तो तीस वर्षं जुनी मर्सिडीज घेतो आणि दर रविवारी बॉनेटखाली डोकं घालून बसतो. पेट्रोलच्या लाइनमध्ये कचरा अडकतो, वायरचं इन्सुलेशन वाळून तडकतं, ब्रेकचे लायनर झिजतात. त्याला विचारलं तर तो सांगेल, की अशी गाडी मॅन्युअल वाचून कळत नाही. ती रस्त्यात बंद पडते, तेव्हा कळायला लागते.

हा धडा सगळ्यात आधी गिरवला तो ३९ वर्षांच्या एका बाईनं, १८८८ साली. तिचं नाव बर्था बेंझ.

पैसा तिचा, नाव त्याचं

बर्था रिंगरचा जन्म ३ मे १८४९ चा, जर्मनीतल्या फोर्झहाइम गावचा. वडील सुतारकाम आणि बांधकामाच्या धंद्यात बऱ्यापैकी पैसा कमावलेले. घरच्या बायबलमध्ये तिच्या जन्माची नोंद करताना, पुन्हा मुलगीच झाली, अशी खंतही लिहून ठेवलेली होती. मोठी झाल्यावर ती ओळ तिच्या वाचनात आली आणि मनाला लागली, असं सांगतात. तिला यंत्रांची आवड होती. पण त्या काळात तिथल्या विद्यापीठांचे दरवाजे मुलींना बंद होते.

१८६९ मध्ये एका सहलीत तिची कार्ल बेंझशी ओळख झाली. कार्ल इंजिनीअर. डोक्यात आयडिया भरपूर, खिशात काही नाही. घोड्याशिवाय चालणारी गाडी बनवायची, हे एकच वेड. बर्थाला हा मुलगाही आवडला आणि त्याची आयडियाही.

कार्लनं मानहाइममध्ये वर्कशॉप टाकलं, पण पार्टनर बेभरवशाचा निघाला. धंदा बुडायची वेळ आली. तेव्हा लग्न व्हायच्या आधीच बर्थानं वडिलांकडे आपल्या वाटणीचा हुंडा मागितला आणि त्या पैशातून पार्टनरचा हिस्सा विकत घेऊन टाकला. आजच्या भाषेत ती या स्टार्टअपची पहिली इन्व्हेस्टर. २० जुलै १८७२ ला त्यांचं लग्न झालं आणि गंमत बघा, लग्नानंतर तिच्या पैशावर तिचा हक्कच उरला नाही. त्या काळच्या कायद्यानं बायकोच्या मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे जायचा.

पुढची वर्षं तंगीची होती. घरात मुलं, डोक्यावर कर्ज आणि वर्कशॉपमध्ये सुरूच न होणारं इंजिन. १८७९ च्या ३१ डिसेंबरला रात्रीचं जेवण झाल्यावर, चल, अजून एकदा बघूया, असा आग्रह बर्थानंच धरला. दोघं वर्कशॉपमध्ये गेले आणि त्या रात्री इंजिन पहिल्यांदा नीट चाललं. बाहेर नवीन वर्ष लागत होतं आणि आत हे दोघं इंजिनाचा आवाज ऐकत उभे होते.

२९ जानेवारी १८८६ ला गाडीच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. क्रमांक ३७४३५. तीन चाकं, मागच्या बाजूला ९५४ सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, ताकद पाऊण हॉर्सपॉवर, वेग ताशी साधारण १६ किलोमीटर. पेटंटवर नाव एकट्या कार्लचं.

परफेक्शनचा घोळ

गाडी झाली, पण विकत कोण घेणार? लोक बघायला यायचे, हसायचे, निघून जायचे. कार्ल हाडाचा इंजिनीअर. अजून थोडी सुधारू, मग बघू, असं त्याचं चाललेलं. आपल्या फायनल इयरच्या प्रोजेक्टचं होतं तसंच. सबमिशनची तारीख आली तरी आपण फाँट बदलत बसतो.

बर्थाला वेगळंच दिसत होतं. गाडी वर्कशॉपच्या आसपास फिरवून तिच्यावर कुणाचा विश्वास बसणार नव्हता. ती लांब जाऊन दाखवायला हवी होती. आणि पणाला तिचं सगळंच लागलेलं होतं. लग्नाआधी दिलेला पैसा, सोळा वर्षांचा संसार, मुलांचं भविष्य.

ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे कार्ल झोपेत असताना तिनं पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड या मुलांना घेऊन गाडी बाहेर काढली. जायचं होतं माहेरी, फोर्झहाइमला. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. तोपर्यंत इतक्या लांब कुणीही मोटारीनं गेलेलं नव्हतं. रस्ते घोडागाडीचे. वाटेत पेट्रोल पंप नाही, गॅरेज नाही, मेकॅनिक नाही. मेकॅनिक तीच.

रस्त्यावरचं गॅरेज

गाडीला वेगळी टाकी नव्हती. कार्बोरेटरमध्ये मावेल तेवढंच, म्हणजे साडेचार लिटरच्या आसपास इंधन. ते म्हणजे लिग्रोइन, कपड्यांवरचे डाग काढायला वापरलं जाणारं द्रव. ते मिळायचं औषधाच्या दुकानात. म्हणून वीसलोख गावात तिनं औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. ते दुकान पुढे जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून प्रसिद्ध झालं.

इंजिन थंड ठेवणारं पाणी वाफ होऊन उडून जायचं, त्यामुळे विहीर दिसली की थांबा आणि पाणी भरा. मध्येच इंधनाची नळी चोक झाली. बर्थानं टोपीची लांब पिन काढली आणि नळी साफ केली. पुढे इग्निशनची वायर घासून उघडी पडली. मोजे वर धरून ठेवणारा गार्टर तिनं त्या वायरभोवती गुंडाळला, इन्सुलेशन तयार. चेनचं काम वाटेतल्या एका लोहारानं करून दिलं.

चढावर गाडी दम टाकायची, मग उतरून ढकलायची. उतारावर उलटा त्रास. लाकडी ब्रेक झिजून गेले होते. बाउश्लोट गावात तिनं एका मोच्याला गाठलं आणि ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनरची सुरुवात झाली ती अशी.

बघा, यातलं एकही काम नशिबानं जमणारं नाही. गाडी बंद पडल्यावर बिघाड इंधनाचा आहे की स्पार्कचा, हे आधी ओळखावं लागतं. आजही जुनी गाडी अडली की मेकॅनिक पहिल्यांदा हेच दोन बघतो. बर्थाला ते ओळखता आलं, कारण इतकी वर्षं ती त्या यंत्राच्या शेजारी उभी होती. कार्ल इंजिनाशी झगडत असताना तीही शिकत होती, फक्त तिची परीक्षा कुणी घेतली नव्हती.

दिवस मावळताना तिघं फोर्झहाइमला पोचले. पोचल्याची तार कार्लला गेली. काही दिवसांनी ती तीच गाडी चालवत, दुसऱ्या रस्त्यानं मानहाइमला परत आली.

येताना तिनं फीडबॅकही आणला. चढासाठी आणखी एक गिअर हवा, ब्रेक सुधारायला हवेत. त्या प्रवासानंतर कार्लनं गाडीत चढासाठीचा गिअर बसवला. पुढच्याच महिन्यात म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. १८९९ मध्ये बेंझ कंपनीनं ५७२ गाड्या बनवल्या आणि ती जगातली सगळ्यात मोठी मोटार कंपनी ठरली.

उशिरा आलेला निकाल

१९२६ मध्ये बेंझ आणि डाइमलर या कंपन्या एक झाल्या आणि मर्सिडीज-बेंझ हे जोडनाव रूढ झालं. आपल्या चाकणच्या प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या गाड्यांवरही तेच असतं. त्यातली मर्सिडीज ही डाइमलरच्या एका विक्रेत्याची मुलगी. बेंझ हे आडनाव बर्थाला लग्नानं मिळालं. पण ते गाडीवर टिकलं, त्यात तिचा वाटा कुणापेक्षा कमी नव्हता.

कार्ल १९२९ मध्ये गेला. बर्था त्यानंतरही पंधरा वर्षं लाडेनबुर्गला राहिली. ३ मे १९४४ ला, तिच्या ९५ व्या वाढदिवशी, कार्ल जिथं शिकला त्या कार्ल्सरुहच्या तंत्रशिक्षण संस्थेनं तिला मानद सिनेटर केलं. तिच्या तरुणपणी तिला त्याच संस्थेत प्रवेश मिळाला नसता. दोनच दिवसांनी, ५ मे रोजी ती गेली.

अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये कार्लचं नाव १९८४ मध्ये लागलं. बर्थाचं २०१६ मध्ये. मध्ये ३२ वर्षांचं अंतर. मानहाइम ते फोर्झहाइम आणि परत हा तिचा रस्ता मात्र २००८ पासून तिच्याच नावानं ओळखला जातो. पुढच्या वेळी त्या जुन्या मर्सिडीजवाल्या काकांच्या हाताखाली पाना धरायला उभे राहिलात, तर त्यांना बर्थाची ही गोष्ट सांगा. आणि ग्रुपमधली एखादी मैत्रीण मला पण बॉनेट उघडून बघायचंय म्हणाली, तर तिला पुढे येऊ द्या.